पायी बघितलेलं स्थळ

"चालत किती?"

कुठल्याही गावाचं नाव निघालं की काकांचा पहिला प्रश्न हाच. मग ते वाणगाव असो, नाहीतर वरोर. घोलवडला आमच्या वाडीला लागूनच त्यांची चिकूची नर्सरी. त्यांच्या मुलीने फ्रान्समध्ये नोकरी करता करता तिथलाच मुलगा पसंत केला आणि कॉर्सिका नावाच्या बेटावर सासरी राहायला गेली. तेव्हाही काकांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "बंदरापासून गावापर्यंत चालत किती?"

तुम्ही म्हणाल, हौस. हौस कसली! आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी घरातलं मोठं माणूस मुलाच्या गावात पायी जातं, टपरीवर सहज चौकशी करतं. इथे ती राहूनच गेली होती. मुलगी फोनवर "मजेत आहे" म्हणायची. "मजेत नसली तरी हेच म्हणेल," असं म्हणून काका कूस बदलत पडायचे. शेवटी ते निघालेच.

मुलगी बंदरावर गाडी घेऊन आली. काकांनी गाडीत फक्त चिकूची पेटी ठेवली आणि स्वतः काठी घेऊन डोंगरवाटेला लागले. "आपला महालक्ष्मीचा डोंगर तिथे पोरगा वाटेल रे!" हे आल्यावरचं वर्णन. खाली निळा समुद्र, वर बर्फ, वाटेत मोकाट डुकरं. काकांचं लक्ष मात्र माणसांकडे. भेटेल त्याला जावयाचा फोटो दाखवायचा आणि हात हलवून विचारायचं, "कसा आहे?"

भाषेचा गंध नाही. परका म्हातारा, घामाघूम, चेहऱ्यावर काळजी आणि हातात तरुण मुलाचा फोटो. लोकांनी काय समजावं? पोरगा डोंगरात हरवला! त्यात जावई शेळ्या घेऊन वर गेलेला, त्याचा फोन लागेना. बातमी काकांच्या पुढे धावली.

संध्याकाळी काका पोचले तर सगळं गाव कुत्री, दोर, बॅटऱ्या घेऊन निघालेलं. कोणाचं तरी पोर हरवलंय, आपण बसून कसं राहायचं, म्हणून काकाही निघाले. वाटेत शेळ्या घेऊन उतरणारा जावई भेटला. काकांनी त्याला खुणेने कोणाचं तरी पोर हरवल्याचं सांगितलं, तर तो बिचाराही मागे वळला. सासरे-जावई मिळून जावयाला शोधत होते. मुलीने धापा टाकत गाठलं तेव्हा कुठे उलगडा झाला.

मला वाटलं, काका शरमले असतील. छे! "अरे भाई, एक पोर दिसेना म्हणताच आख्खं गाव जेवण टाकून निघालं. आता आणखी काय चौकशी करायची?" त्या दिवसापासून काका घोरत झोपायला लागले.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. मुलगी लगेच आली. जावई मागाहून एकटाच घोलवड स्टेशनवर उतरला. मी बाहेर चहा घेत होतो. रिक्षावाल्यांना नको नको म्हणत तो प्रत्येकापुढे फोन धरून घर विचारत होता. फोनवर काका होते, डोंगरात काठी टेकून हसणारे. मी पुढे होऊन त्याची पिशवी घेतली.

"चालत किती?" त्याने अडखळत मराठीत विचारलं.

मी त्याच्याबरोबर चालायलाच लागलो. चहावाल्याने गॅस बंद केला, रिक्षावाला रिक्षा सोडून खाली उतरला. काकांच्या दारात पोचलो तेव्हा आमच्यामागे निम्मं घोलवड चालत होतं.