लेकीची लघवी आणि सासऱ्यांची विहीर

माझी लेक चार वर्षांची झाली तरी खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. सारखं पोट बिघडायचं. जांबे गावात आमच्या घरामागं खोल्यांची रांग आहे, आयटीतली माणसं भाड्यानं राहतात. ते भाडेकरू विचारायचे, "वहिनी, ही आजारी आहे का?" घरात कुणी विचारलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "काटक हाय ती, बापावर गेलीया." बाप चांगला दांडगा आहे, पण बोलणार कोण!

शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक तपासणी सांगितली. सुई नाही, नळी नाही. उपाशीपोटी दोन जातींच्या साखरेचं पाणी पाजायचं आणि दुपारपर्यंतची सगळी लघवी बाटलीत धरायची. बारीक रेणूंची साखर आतड्यातून रक्तात उतरतेच, मोठ्या रेणूंची उतरायला नको. ती लघवीत जास्त सापडली, तर आतड्याची चाळण सैल झाली समजायचं.

बाटली थंड ठेवायची होती, म्हणून मी फ्रीजमध्ये ठेवली. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "द्येवाच्या दुधाशेजारी मूत! शिकल्याली हायेस का येडी?" मग त्यांनी अख्खा फ्रीज गोमूत्र शिंपडून शुद्ध केला. ते मात्र चाललं!

मोठी साखर नको तेवढी सापडली. बाईंनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी म्हटलं, घरच्या विहिरीचं. खोल्यांच्या संडासांची टाकी सासऱ्यांनी विहिरीला खेटून खोदली होती. भाडेकरूंनी पाण्याला वास येतो म्हणून कुरकुर केल्यावर त्यांना रोज विकतच्या पाण्याचा जार येऊ लागला. आम्ही मात्र विहिरीचंच पीत होतो, का तर घरची विहीर! बाईंनी पाणी तपासून घेतलं. घाण निघालं.

सासरे म्हणाले, "आमचा आजा ह्याच पान्यावर नांगर धरत हुता. हिरीला नाव ठिवायचं न्हाई." सासूबाईंना वेगळंच कारण सापडलं. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यानं बाळंतीण विहीर पुजते. मी तेव्हा रिहे गावी माहेरी होते, पूजा राहिली होती. देवी कोपली म्हणे. मग विहिरीची ओटी भरली आणि तेच पाणी तीर्थ म्हणून लेकीच्या तोंडात घातलं. मी हात धरेपर्यंत तिनं गिळलं होतं. इतका संताप मला जन्मात आला नव्हता.

त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, एक तर टाकी हलव, नाही तर आम्ही मायलेकी चाललो. तो वडिलांशी बोलला नाही. खोल्यांकडचा एक जार आणून आमच्या पलंगाखाली सरकवला. "दादांना कळू देऊ नकोस," म्हणाला. शाब्बास रे वाघा!

पोर आमच्या खोलीत दार लावून पाणी प्यायला शिकली. हळूहळू पोट बिघडायचं थांबलं, गाल भरले.

परवा पाहुणे आले होते. सासऱ्यांनी तिला मांडीवर घेतलं. "कुटलं पानी पेतीस गं?"

"आपल्या हिरीचं," ती म्हणाली.

"बगा! आन म्हनं हिरीचं पानी वंगाळ!"

मी तोंड उघडलं. लेकीनं माझ्याकडं बघून हळूच ओठांवर बोट ठेवलं.