साताऱ्याला टाकायचं पत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळं सांगायची त्या साताऱ्याच्या आक्कांनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कमलला ओळखत नाही. ओळखत असता तर माझी जीभ उचललीच नसती — इतकी काही मी धीट नाही.

पण आधी टायपिंग क्लासचं सांगते. बघा, लगेच आडवळण घेतलं! घेऊ द्या. सरळ गेले तर अर्ध्यातनं परत फिरेन.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. सांगलीत एका जिन्यावरच्या हॉलमध्ये मी टायपिंग शिकवायची. कमल कवठे महांकाळहून परीक्षेसाठी माझ्याकडे शिकायला आली, पास झाली आणि तिथंच शिकवायला राहिली. मग गावभागात आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली. ती भाकरी थापायची, मी भाजायची. माझं डोकं दुखलं की न विचारता तेलाची बाटली घेऊन यायची. हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची, तरी जिन्याखाली ऐकू जायचं. मला बायकाच आवडतात हे मला शाळेपासून माहीत होतं. कमल आवडायला लागली तेव्हा वाटलं, चला, उघडलं आपलं नशीब एकदाचं! का नाही वाटणार? ती माझ्याबरोबर राहत होती, लग्नाचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखी झटकत होती. मी दुसरा काय अर्थ लावणार?

एका रविवारी दुपारी बोलून टाकलं. ती घाबरली नाही, चिडली नाही. नीट ऐकून घेतलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "शालन, तू मला लय आवडतीस. जलमभर तुझ्यासंगं राहीन. पर त्ये तसलं... मला कुणाबद्दलच वाटत न्हाई गं. बाप्याबद्दल न्हाई, बाईबद्दल बी न्हाई. कवाच वाटलं न्हाई."

मी विश्वास ठेवला? छे. माझ्या लेखी माणसं दोनच तऱ्हेची होती. मी नको म्हणजे हिला पुरुष हवा, आणि मला दुखवायला नको म्हणून ही काहीतरी रचून सांगतेय. महिनाभर मी तिच्याशी नीट बोलले नाही.

साताऱ्यात आमचं भजनी मंडळ होतं. होतं म्हणजे — नावाला. बायकांवर जीव असलेल्या पाच बायकांना महिन्यातनं एकदा दार लावून बसायचं तर त्या काळी घरी दुसरं काय सांगणार? पिशवीत टाळ टाकायचे आणि एसटी धरायची. घर आक्कांचं. त्या निवृत्त नर्स, एकट्या राहायच्या. शेजाऱ्यांसाठी सुरुवातीला दोन अभंग जोरात म्हणायचे, मग चहा आणि मनातलं. त्या एका दुपारसाठी मी महिनाभर जगायची.

तिथं मी कमलला घेऊन गेले. खरं सांगू? आक्का तिला वळणावर आणतील अशी आशा होती. आक्कांनी विचारलं, तुला कोण आवडतं? कमलनं मला सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं — भरवशानं, चटईवर मांडी घालून. मग आक्का म्हणाल्या, "मग इथं कशाला आलीस गं? भजन म्हणायला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. सगळ्यात मोठ्यांदा मीच हसले असेन. असं काही नसतं, एखादी भेटली की सगळं वाटायला लागेल, असं एकेक जण तिला सांगायला लागली. आम्हाला आमच्या घरात जे ऐकवलं जायचं तेच, शब्दाला शब्द! कमल मान हलवत राहिली आणि टाळ पिशवीत भरायला लागली. एसटीत ती मला एवढंच म्हणाली, "मला वाटलं हुतं, हितं तरी चालंल." कराड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग तिचं स्थळ आलं. मुलगा कोयनानगरच्या कॉलनीत राहणारा, नोकरीतला. बघून गेले, पसंती आली. वडील मिलिटरीतनं रिटायर झालेले, त्यांच्यासमोर कुणाची टाप नव्हती. कमलनं आईला सांगून बघितलं, तर आई म्हणाली, "लगीन झाल्यावर वाटाय लागतं." शिवाय धाकटीचं हिच्यापायी अडलं होतं. सुपारी फुटायला पंधरा दिवस राहिले.

आमच्याकडे ठरतं लग्न मोडायची एक जुनी रीत आहे — निनावी पत्र. मुलीबद्दल चार ओळी कुणीतरी मुलाकडच्यांना धाडतं आणि ती माणसं गुपचूप मागं सरतात. वैरी करतात हे. कमलनं ते स्वतःविरुद्ध करायचं ठरवलं. अक्षर ओळखू नये म्हणून ती सांगत गेली आणि मी टाईप करत गेले. मुलीला संसाराची आवड नाही, ही कुणाला सुख देणार नाही, पुढं पस्तावाल. मध्येच थांबून म्हणाली, "आजून वाईट लिव." शिक्का सांगलीचा नको, म्हणून भजनी मंडळाला जाईन तेव्हा ते मी साताऱ्याला टाकायचं ठरलं. तिनंच तिकीट चिकटवलं आणि पाकीट माझ्या टाळांच्या पिशवीत ठेवलं.

आता आलं. आता वळायला जागा नाही.

साताऱ्याच्या स्टँडबाहेर लाल पेटी होती. मी पाकीट काढलं. पेटीच्या तोंडात अर्धं घातलंसुद्धा. आणि मनात आलं — मला नाही म्हणालीस ना? जा मग. कर लग्न. बघू, कुणाबद्दलच वाटत नाही की फक्त माझ्याबद्दल वाटत नाही! मी पाकीट मागं ओढलं आणि पिशवीत ठेवलं. कुणी माझा हात धरला नव्हता. कुणी शिकवलं नव्हतं. आक्कांकडे गेले, दोन अभंग म्हटले, चहात बुडवून बिस्किटं खाल्ली. आपल्याला हिनं फसवलं असं मला वाटत होतं — मला, बरं का! — आणि त्या रागात बरं वाटत होतं. होय, बरं वाटत होतं.

कमल रोज विचारायची, "पोचलं आसंल न्हवं?" कवठ्याहून स्थळ मोडल्याचा निरोप येईल म्हणून क्लासमध्ये तिचं सगळं लक्ष जिन्याकडे. सुपारी फुटेपर्यंत आणि पुढं हळदीपर्यंत तिनं असेच दिवस काढले आणि मी समोरच्या मशीनवर मुलींच्या चुका काढत बसले. रोज एक संधी होती. सांगलीच्या पेटीतही पडलं असतं की ते!

हळदीच्या दिवशी पिवळ्या हातानं तिनं माझं मनगट धरलं. "टाकलं हुतंस न्हवं?" मी डोळ्याला डोळा देऊन म्हटलं, "टाकलं की." आणि मला रडू फुटलं. तर तिनं माझीच समजूत घातली. "आसूंदे. पोस्टाचा काय भरवसा. तू रडू नगंस."

मी एकदाच गेले कोयनानगरला. नवरा वाईट नव्हता. बायको म्हणून जे मागायचं ते तो मागत होता. त्या माणसाचीही वर्षं वाया गेली, याचा विचार मी फार उशिरा केला. चहा गाळताना कमल माझ्याकडे न बघता म्हणाली, "डोळं मिटून ए एस डी एफ म्हनत पडतीया. बोटं हलवत. हून जातं." टायपिंगची पहिली ओळ. तिला मीच शिकवलेली. घाट उतरताना मला दोनदा उलटी झाली — घाटामुळंच झाली असेल.

चार वर्षांनी सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. नुसता दगड आहे, असं चारचौघांत म्हणाले. वडील मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

आता ती कवठ्यात झेरॉक्सचं दुकान चालवते, एकटी राहते. मागच्या वर्षी तिचा फोन आला. पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं तिला सांगितलं होतं की याला शब्द आहे, अलैंगिक. "आगं शालन, माझ्यासारखी लय मानसं हायती म्हनं! झेंडा बी हाय आमचा!" आणि हसायला लागली. तेच हसणं, जिन्याखाली ऐकू जाणारं. मग म्हणाली, "पोरीला तुझं बी सांगितलं. म्हटलं, तवा समद्यांनी मला खोटं पाडलं. एकटी शालन माझ्या बाजूनं हुती. माझ्यासाठी साताऱ्याला जाऊन पत्र टाकून आली."

ते पाकीट माझ्या ट्रंकेत आहे, तिच्या हातच्या तिकिटासकट. फोन कानाला होता. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती.

मी म्हटलं, "हो गं. टाकलं होतं."