बारा वाजलेल्या चेहऱ्याची मुकादमीण

भिमाबाई आमच्या बागेत पहिल्यांदा आली ती शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात, द्राक्षाच्या छाटणीला. पेठकडच्या एका पाड्यावरून तीसेक माणसांची टोळी दिंडोरीच्या स्टँडवर उतरली होती. मी मुकादम शोधत होतो. भरघोस मिशांचा एक उंचापुरा गडी दिसला, त्याला बाजूला घेऊन दहा मिनिटं कामाचं सगळं समजावून सांगितलं. त्याने निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला कशाला सांगता मालक? तिला सांगा."

तो रावजी. 'ती' म्हणजे त्याची बायको. साडेचार फूट उंची, कपाळावर कायमच्या आठ्या, मिश्रीने काळे झालेले दात आणि पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज. मी हसून नमस्कार केला. ती हसली नाही. पुढच्या बारा वर्षांत ती माझ्याकडे बघून एकूण दोनदा हसली. त्यातल्या एकदा मी शेणात घसरून पडलो होतो.

ती मुकादमीण कशी झाली, ते रावजीने मला नंतर सांगितलं. आधी टोळी त्याचा थोरला भाऊ चालवायचा. औषध फवारून बाग ओलीच असली तरी तो बायकांना आत घुसवायचा. एका सकाळी भिमाबाई बांधावर बसली. "वास जात नाय तवर मी उठत नाय," एवढंच म्हणाली. भाषण नाही, घोषणा नाही. एकेक करून सगळ्या बायका तिच्या शेजारी येऊन बसल्या. दीर ओरडला, मालक ओरडला, दोघं मिळून ओरडले. दुपारी वास गेल्यावर ती उठली आणि दुसऱ्या दिवसापासून लोक कुठलीही गोष्ट दिराला सोडून तिलाच विचारायला लागले. दिराला हे कळायला एक महिना लागला.

मी तिला सुरुवातीला सरळ अगं-तुगं करायचो. अहो-जाहोवर कधी आलो ते माझं मलाही कळलं नाही. आता लिहिताना मात्र पुन्हा एकेरीच येतंय. ती वाचणार नाही म्हणून धाडस.

छाटणीनंतर वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला एक औषध लावतात. आमच्याकडे त्याला नुसतं पेस्ट म्हणतात. हे औषध अंगावर गेलं आणि त्यावर पुढच्या काही दिवसांत दारू पोटात गेली, की माणूस लालभडक होतो, छाती धडधडते, जीव जायची पाळी येते. डब्यावर हे लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. भिमाबाईला वाचता येत नव्हतं, पण तिने पहिल्याच वर्षी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग कायदा झाला: पेस्टीचं काम सुरू झाल्यापासून पंधरा दिवस दारू बंद. संध्याकाळी ती रांगेने गड्यांची तोंडं हुंगत जायची. पन्नाशीचे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे 'आ' करून उभे राहायचे.

मी एकदा विचारलं, "ऐकतात कसे हो तुमचं?"

"मला मोहाची लय आवडती," ती म्हणाली. "यांच्यापरास जास्त. ते त्यांना ठावं हाय."

आणि पंधरा दिवस ती स्वतः थेंबाला शिवायची नाही. त्या दिवसांत तिच्या जवळ जायची हिंमत मात्र रावजीचीही नसायची.

दोन हजार तीनच्या हंगामात मनोज उगवला. तिचाच पुतण्या, त्या पदच्युत दिराचा मुलगा. बारावी झालेला, देखणा, भांग पाडलेला, डोळ्यांवर गॉगल. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये त्याने तीन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर केलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून पिशवीत बाळगायचा. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं, हात घट्ट दाबायचा, नाव घेऊन बोलायचं, असं तिथे शिकवलं होतं म्हणे. त्याने पाड्यावर सभा घेतली. "किती दिवस म्हातारीला तोंडं हुंगू द्यायची? आपण माणसं हाओत का बैलं?" एसटीऐवजी टेम्पो, रोज संध्याकाळी मटण, कामाच्या पहिल्या दिवशी पार्टी. तिसांतली चोवीस माणसं त्याच्याकडे गेली.

एकूण पंचवीस धरा, कारण मीही गेलो. खोटं कशाला बोलू? तो बागेत आला, माझा हात दाबला, "ज्ञानेशभाऊ, तुमच्यासारखा अभ्यासू बागायतदार तालुक्यात नाही," म्हणाला. सात वर्षांत भिमाबाईने मला 'पाणी कुठंय' याशिवाय काही विचारलं नव्हतं. मी विरघळलो. माझी बायको सुवर्णा ओट्यावरून म्हणाली, "त्याने गॉगल काढला का एकदा तरी? मग डोळ्यांत डोळे घातले कोणी?" मी दुर्लक्ष केलं.

भिमाबाई उरलेली सहा माणसं घेऊन शेजारच्या बागेत कामाला लागली. मी दिसलो तरी तिची कात्री चालूच राहिली. आठ्या नेहमीच्याच होत्या, त्यामुळे रागावली की नाही तेही कळेना.

पेस्टीच्या पहिल्या दिवशी मनोजने, नेत्याने पुढे राहिलं पाहिजे म्हणून, बाह्या सरसावल्या आणि हातमोजे न घालता स्वतः दोन ओळी लावून दाखवल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. डब्यावरचं मी त्याला सांगितलं होतं. "भाऊ, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला, आणि मी घेतलं नाही. ही माझी चूक, ती दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

दिवेलागणीला ठरल्याप्रमाणे पार्टी झाली. अर्ध्या तासात आरडाओरडा ऐकू आला. मी धावलो तर सात गडी आणि मनोज, आठही जण टोमॅटोसारखे लाल. कोणी ओकत होता, कोणी छाती धरून लोळत होता. गॉगल चिखलात पडला होता. बायका रडत होत्या, "कोणी करणी केली, भगताला बोलवा," म्हणत होत्या. मी ट्रॅक्टरची किल्ली हातात धरून ट्रॅक्टरची किल्ली शोधत होतो.

तेवढ्यात बांध ओलांडून भिमाबाई आली. तिने एका नजरेत सगळं पाहिलं.

"भगत काय करल? डाक्टर पाहिजे. मालक, टॅक्टर काढा. रावजी, पेस्टीचा रिकामा डबा घे संगं."

"डबा कशाला?" मी विचारलं.

"डाक्टर पुसल, काय झालं. काय सांगशीला? पार्टी झाली?"

आठही जणांना तिने एकेक करून ट्रॉलीत चढवलं. दिंडोरीच्या दवाखान्यात मी डॉक्टरांसमोर त-त-प-प करत असताना तिने डबा पुढे केला. "हे हाताला, आन् दारू पोटात. कधी पिले ते सांगते." डॉक्टरांनी डबा वाचला आणि लगेच कामाला लागले. मनोजची नाडी सगळ्यात वाईट होती. भिमाबाई त्याच्या खाटेशी खाली बसून राहिली. तो शुद्धीवर येत "काकू, काकू" करायला लागला, तेव्हा म्हणाली, "निज. बोलू नको. तेच्यानंच झालं सारं."

तिसऱ्या दिवशी सगळे सुखरूप परतले. मी तिची माफी मागितली, बरंच लांबलचक बोललो. मला वाटलं आता ती काहीतरी लक्षात राहण्यासारखं बोलेल. ती म्हणाली, "दोन ओळी राहिल्यात तुमच्या. पेस्ट वाळून गेली." चोवीस माणसं खाली मान घालून तिच्या झोपडीसमोर उभी होती. "सहाला या," एवढंच सांगून ती आत गेली.

मनोजलाही तिने ठेवून घेतलं. रावजीने कारण विचारलं तर म्हणाली, "तोंड बरं हाय त्याचं. मालकांशी बोलाया लावू. मला बोलवत नाय त्यांच्यासंगं."

आता गोष्ट इथे संपली असती तर शिबिरवाल्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण दोन हजार सात साली मनोज पंचायत समितीवर निवडून आला, तोही दणदणीत मतांनी. पाड्यावर नळाचं पाणी यावं म्हणून भिमाबाई नऊ वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवत होती. साहेब लोक तिच्या आठ्या बघूनच फाईल बंद करायचे. मनोजने त्याच साहेबांचे हात दाबले, त्यांना नावाने हाका मारल्या, त्यांच्या अभ्यासूपणाची तारीफ केली आणि आठ महिन्यांत नळ आला.

उद्घाटनाला मीही गेलो होतो. मनोजने झकास भाषण केलं. त्यात दिंडोरीच्या दवाखान्याची हकीकतही आली, आणि त्या हकीकतीत आठ जणांना ट्रॅक्टरमध्ये घालून नेणारा मनोज स्वतःच होता. लोक टाळ्या वाजवत होते. वाजवणाऱ्यांत ट्रॉलीत ओकलेले सातही जण होते.

मी चिडून भिमाबाईकडे वळलो. "ऐकलंत? काही बोलणार नाही तुम्ही?"

ती नळाकडे बघत होती. "बोलू द्या," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं नव्हतं आलं पाणी."

मग भाषण चालू असतानाच ती उठली, सगळ्यांच्या समोरून चालत गेली आणि फीत कापायची वाट न बघता नळ सोडला. ओंजळभर पाणी प्यायली, चूळ भरली आणि माझ्याकडे बघून दुसऱ्यांदा हसली.

"चव नाय," ती म्हणाली.