जोगतळ्यात उतरलेली गिरिजा

आमच्या गावाच्या उगवतीला जोगतळं आहे. ईटकडून परंड्याला जाणाऱ्या गाडीवाटेनं आलं की बाभळींच्या फटीतून ते आधी चकाकतं आणि मग दिसतं. त्याचं पाणी पिऊन आमच्या कित्येक पिढ्या वाढल्या. पण त्या पाण्यात आपल्याशिवाय आणखी कोण जगतं, हे विचारावंसं एकीलाच वाटलं. ती चन्नबसप्पा वाण्याची गिरिजा. पुढं निजामाचं राज्य गेल्यावर ती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवू लागली आणि शिकवता शिकवताच म्हातारी झाली. गावाला मात्र ती तळ्यातल्या एका सकाळीमुळं आठवते.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गिरिजा हैदराबादेत मावशीकडं राहून कॉलेजात जात होती. शास्त्राच्या वर्गात ती एकटीच मुलगी, म्हणून कोपऱ्यात तिच्यासाठी पडदा लावलेला. पडद्यामागून फळा दिसत नसे. तिनं पडदा सारला, कुणीतरी परत ओढला, तिनं परत सारला. "पडदा फळ्यालाच लावा," ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना सारखंच दिसेल." शेवटी ओढणाराच कंटाळला.

तिचे प्रोफेसर अंबादासराव तुळजापूरचे. घराणं पुजाऱ्यांचं, अंगात शेरवानी, बोलणं निम्मं उर्दू. तळं पुस्तकातून कळत नाही, पाण्यात उतरावं लागतं, या मताचा माणूस. त्यांनी वर्ग घेऊन थेट जोगतळं गाठलं. काठावरच्या धर्मशाळेत खिडकीशी खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, मांडली. तिच्या नळीला डोळा लावला की पाण्याच्या थेंबात बाजार भरलेला दिसे. मुलं दोराला दगड बांधून खोली मोजत. पांढरी थाळी पाण्यात सोडून ती कुठं दिसेनाशी होते ते बघत. पाण्यातले बारीक जीव धरायचं रेशमी जाळं विलायतेहून येई, ते लढाईमुळं बंद झालेलं. म्हणून मुलं नुसत्या बाटल्या बुडवून पाणी आणत.

अंबादासरावांचा एक नेम होता. "ज्यानं आपल्या हातानं पाणी आणलं नाही, त्याच्या कामावर माझा दस्तखत नाही." आणि ही सही नसली की परीक्षेला बसता येत नसे. मुलं कमरेएवढ्या पाण्यात शिरली. गिरिजाला ते म्हणाले, "गिरिजाबाई, तुम्ही घाटावरूनच भरा. गाव बघतंय."

ती मुकाट्यानं घाटावर गेली. तिथंच तिच्या हातून चूक झाली, आणि ती आमच्याकडच्याच लेकीच्या हातून होणारी चूक. आमच्या लिंगायत घरांत पाणी गाळल्याशिवाय भरत नाहीत. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधायचं, वरून पाणी ओतायचं, मग फडकं तळ्यातच विसळायचं, म्हणजे त्यात अडकलेला जीव आपल्या घरी परत जातो. गिरिजाचे हात लहानपणापासून हेच करत आलेले. मन दुसरीकडं होतं, हातांनी कमरेला खोचलेलं फडकं काढून आपलं काम केलं. बाटली गाळलेल्या पाण्यानं भरली.

खुर्दबिनीखाली तिचा थेंब ठेवला, तर थेंबात काहीच नाही. मुलांच्या थेंबांत निदान दोन-चार जीव उड्या मारत होते.

"अगं, हे तर पूजेचं पाणी!" तिच्या वर्गातला मल्लिनाथ ओरडला. "बेल तेवढा विसरलीस."

सगळे हसले. गिरिजानं परत नळीला डोळा लावला, आणि तिला कळलं. "मी गाळून भरलं, सर. जे होतं ते सगळं फडक्यात राहिलं."

"मग फडकं दाखवा."

"ते मी तळ्यात विसळलं."

आता अंबादासरावांनाही हसू आवरेना. पण माणूस दुष्ट नव्हता. ते म्हणाले, "असू द्या. मल्लिनाथ मधलं पाणी आणेल, तुम्ही तपासा. मी दस्तखत करतो. फक्त खाली लिहा, नमुना दुसऱ्याचा."

"नाही लिहिणार, सर. मधलं पाणी मी आणते. माझ्या फडक्यात."

"इजाजत नाही. तुम्ही बुडालात तर कॉलेजवर येईल. नाही बुडालात तरी गाव बोलेल."

"गाव माझं आहे," गिरिजा म्हणाली. "बोलू द्या."

घरी तिची आई गौराबाई भाकरी थापत होती. गिरिजानं पिठाची फुटकी चाळणी आणि पाण्याचं नवं फडकं मागितलं.

"पाण्याच्या फडक्याला म्या कुणाचा खरकटा हात लागू देत न्हाय. काय करायचंय तुला?"

"तळ्यातले जीव धरायचेत, अव्वा."

"धरून मारणार?"

"न्हाय. बघून परत सोडणार."

"तुझे ते सर सोडत्यात?"

"ते न्हाय सोडत. मी सोडते. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगते."

गौराबाईनं तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले आणि चाळणीची जाळी उचकटून काढली. राहिलेल्या कड्याला तिनं फडकं शिवलं, पिशवीसारखं, आणि एकेरीच, कारण दुहेरीतून पाणी सावकाश उतरतं. चन्नबसप्पा दारात उभे होते. "गावात दुकान हाय आपलं," ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या की. मीठ न्यायला येतीलच. जोगतळ्यात मीठ पिकत न्हाय."

सकाळी ऊन पाण्याला टेकायच्या आत मायलेकी तळ्यावर होत्या. गिरिजानं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, कमरेला दोर बांधला, दुसरं टोक आईच्या हातात दिलं. घाटावर धुणं आपटणारी गंगम्मा थांबून बघत होती.

"गौराबाई, लेकीला दावं लावून पाण्यावर आणलीस व्हय?"

"व्हय. तुझ्या लेकालाबी आण. लई दिवस आंघोळ न्हाय त्याची."

गिरिजा कमरेएवढ्या पाण्यातून पुढं गेली, जिथं मुलं थांबली होती तिथून पुढं. कमळाचे देठ पायांना गुंडाळत होते. पाणी गळ्याशी आलं तेव्हा तिनं कडं बुडवलं आणि सावकाश ओढत नेलं, जसं पाळण्यावरून हात फिरवावा तसं. मग फडकं उलटं करून तिनं ते बाटलीत विसळलं.

एवढ्यात काठावर अंबादासराव धावत आले, मागं सगळा वर्ग.

"बाहेर या! आत्ताच्या आत्ता!"

गिरिजानं बाटली उन्हात धरली. डोळ्यांनासुद्धा दिसत होतं, बाटलीतलं पाणी थरथरत होतं, जणू कुणी चिमूटभर राजगिरा टाकला आणि तो जिवंत झाला.

"गिरिजाबाई, हा हुकूम आहे!"

"हुकूम ऐकू आला, सर," ती तिथूनच म्हणाली. "तुम्ही आत या. काठावरून तळं कळत नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

गंगम्माचं धुणं दगडावर तसंच राहिलं. अंबादासराव तळ्याकडं बघत राहिले. त्यांनी कितीतरी वर्गांना तळं शिकवलं होतं, पण पाणी नेहमी मुलांनी आणलेलं. त्यांनी शेरवानी उतरवून मल्लिनाथच्या हातात दिली, जोडे काढले आणि पायजमा गुडघ्यावर ओढला. पहिल्याच पावलाला चिखलानं पाय धरला.

"पाय उचलू नका," गिरिजा म्हणाली. "घासत घासत या."

ते आले. तिनं बाटली दिली. त्यांनी ती सूर्याकडं धरली आणि फिरवून फिरवून बघितली.

"किती खोलीवरचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"गळ्याएवढ्या."

"कुणाच्या गळ्याएवढ्या?"

"माझ्या. तुम्हाला अजून पुढं यावं लागेल."

ते पुढं गेले.

त्या दुपारी खुर्दबिनीपाशी रांग लागली. लाल एका डोळ्याचे जीव, पाठीवर अंडी वागवणाऱ्या पाणपिसवा, हिरव्या बांगड्यांसारखं शेवाळ. बघून झालं की गिरिजा काचेची वाटी उचलून तळ्यात रिकामी करून येई, आणि कुणी तिला अडवलं नाही. अंबादासरावांनी सगळ्यांसमोर तिच्या कामावर दस्तखत केला. मग मुलांच्या कामांचा गठ्ठा परत करून म्हणाले, "हे काठावरचं पाणी आहे. उद्या सगळ्यांनी गळ्याएवढ्या पाण्यातून आणायचं. कडं गिरिजाबाईंकडून मागून घ्या."

दुसऱ्या दिवशी कळलं की मल्लिनाथला पोहता येत नाही. त्याचा दोर गिरिजानं धरला.