बारा व्होल्टची बॅटरी आणि डोमाभाऊचा हात

गोकुळा काही गोड बोलणारी बाई नव्हती. गावाजवळच्या वडशाला तिची मोबाइल दुरुस्तीची टपरी. 'पाण्यात पडलाच नाई' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती मोबाइलमधलं पाणी दाखवून तोंडावर खोटारडा म्हणायची. गावात मात्र तिचं उभं वैर एकाच माणसाशी, मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष डोमाभाऊ याच्याशी. बापाच्या जागी तिला सभासद करून घ्यायला या गृहस्थाने तीन वर्षं घोळ घातला. बाईचा हात लागला की जाळं रिकामं येतं म्हणे! तेच मासे टोपलीत घेऊन गावोगाव फिरायला बायकाच लागतात, तेव्हा बरा चालतो हात.

यंदा शेवटी ती सभासद झाली आणि माशांच्या बीजाचं टाकं तिच्याकडे आलं, तेही एका अटीवर. बोटभर पिल्लं पावसाळ्यापर्यंत जगली तर टाकं तिचं, मेली तर सभासदाच्या यादीतून नाव कट. मे महिन्यात दुपारी टाक्याचं पाणी तापतं आणि पिल्लं उलटी होतात. गोकुळाने एक इवलंसं सर्किटचं कार्ड बसवलं. पाणी तापलं की कार्ड पंप सुरू करी, विहिरीचं गार पाणी येई. निवलं की बंद. पंपाला बारा व्होल्ट हवेत, कार्डाला फक्त पाच. तिने एकच बॅटरी ठेवली आणि कार्डाच्या वाटेवर व्होल्ट उतरवणारी डबी जोडली. चार दिवस सगळं झकास चाललं.

तेच डोमाभाऊला खुपलं. त्या गावात अध्यक्षाचा हात लागल्याशिवाय जाळंसुद्धा पाण्यात पडत नसे, आणि या बयेने त्याला न विचारता टाक्यात यंत्र सोडलं! पाचव्या दिवशी गोकुळा दुकानात असताना त्याने धानाच्या शेताभोवतीच्या झटक्याच्या कुंपणाची बारा व्होल्टची बॅटरी आणली.

"एका बैलावर दोन नांगर चालते काय?" तो शेजारच्या शकुबाईला म्हणाला. "कार्ड उपाशी हाये. आपला हात लागू दे."

आणि बॅटरीच्या तारा त्याने थेट कार्डाला जोडल्या, मध्ये डबी-बिबी काही नाही. कार्डातून धूर निघाला. शकुबाईने लगेच फोन लावला.

गोकुळा पोचली तेव्हा काठाशी पंधरा-वीस पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती आणि बाकीची तोंडं वर काढून तडफडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते डोमाभाऊला दिसलं याचा तिला जास्त संताप आला. तिने पंपाच्या तारा सरळ बॅटरीला लावल्या. अर्ध्या तासात पाणी निवलं, जगलेली पिल्लं खाली गेली. तोवर सगळी संस्था काठावर जमली होती.

"पाहा!" डोमाभाऊने छाती फुगवली. "कार्डाबिगर चालते पंप. आपण तं आधीच म्हणत होतो, बाईच्या हाती..."

"चालते नं," गोकुळा म्हणाली. "पण दिवसभर चालवला तं बॅटरी दुपारीच बसते. पाणी तापलं का लावा, निवलं का काढा, एवढंच काम होतं कार्डाचं. नवं कार्ड नागपूरवरून याले आठ दिवस लागते." तिने पंपाच्या तारा काढल्या आणि त्याच्या हातात कोंबल्या. "जाळलं कोणं, शकुबाईनं पाह्यलं. आता आठ दिवस कार्ड तुमी. हात लावाची लय हौस हाये नं? मंग पाण्यात हात घालून बसा, अध्यक्षसाहेब. आता आणखी एक जरी पिल्लू मेलं, तं यादीतून कोणाचं नाव काटाचं ते इथीच सांगून ठेवा."

डोमाभाऊने सभासदांकडे पाहिलं. एकाने तेवढी डोक्यावर घ्यायला दुपट्टी दिली. अध्यक्ष उन्हात उकिडवे बसले आणि त्यांनी पाण्यात हात घातला.