मोठे टायर आणि माळशेजची चढण

गावच्या जत्रेत यंदा पुरणपोळीचा मान आमच्या घराचा होता, म्हणून जाणं भागच होतं. गाव ओतूरजवळ, म्हणजे डोंबिवलीहून कल्याण, मुरबाड आणि मग माळशेज घाट चढून वर. ह्यांच्या हृदयात हिवाळ्यातच स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही, पण चढ चढायचा नाही, जड उचलायचं नाही, असं बजावलं होतं. ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. गाडी मी चालवणार होते.

निघायच्या आठवड्यात आमच्या निनादने गाडीचे टायर बदलून आणले. डोंबिवलीतल्या गतिरोधकांवर गाडीचं पोट घासतं, म्हणून मूळ मापापेक्षा मोठे.

"आई, बघ किती उंच झाली! आता बिनधास्त जा."

गाडी दिसायला रुबाबदार झाली होती, हे खरं. मीही काही विचारलं नाही.

सकाळी उजाडताच निघालो. कल्याणला विमलताईंना घेतलं. त्या ह्यांच्या थोरल्या बहीण. मागच्या सीटवर त्या आणि गुळाच्या ढेपी, डिकीत हरभरा डाळीची पोती. या वाटेने जाणार असाल तर शहाडचा पूल लवकर ओलांडा, नंतर तिथे फार अडकायला होतं. पेट्रोल मुरबाडलाच भरा. नाश्ता सरळगावला करा. आम्ही मिसळ खाल्ली, ह्यांना तर्रीशिवाय. पुढे टोकावड्यानंतर मला रस्त्यात एकही गॅरेज दिसलं नाही.

पहिली भीती मुरबाडच्या अलीकडेच वाटली होती. विटांचा ट्रक पुढे होता, समोरचा रस्ता मोकळा. नेहमीच्या अंदाजाने तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर काढली आणि पाय दाबला. गाडीने वेग घेतलाच नाही. ट्रकच्या बरोबरीने आम्ही जणू रांगत होतो, आणि समोरून टेम्पो यायला लागला.

"अगं, घे ना आत!" हे ओरडले.

ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे आले. टेम्पो हॉर्न देत निघून गेला. विमलताई गुळाची ढेप घट्ट धरून बसल्या.

मग माझ्या लक्षात आलं की काट्यावर दिसणारा वेग मोबाईलच्या नकाशातल्या वेगापेक्षा कमी आहे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले होते, ते आता कामाला आलं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. साहजिकच इंजिनाला प्रत्येक फेऱ्यासाठी जास्त रेटा द्यावा लागतो. सगळेच गिअर थोडे वरचे झाल्यासारखे वागतात. दुसरा थोडासा तिसऱ्यासारखा, आणि पहिल्याच्या खाली तर काहीच नाही. सपाटीवर एकटी असते तर जाणवलं नसतं. भरलेल्या लहान गाडीला जाणवतं.

"मागे फिरूया का?" मी विचारलं.

"आणि पोळ्या कोण करणार, तुझा निनाद?" विमलताई म्हणाल्या.

एसी बंद केला आणि घाट सुरू झाला. एका वळणावर पुढचा टँकर थांबला, म्हणून मलाही थांबावं लागलं. मागे बस येऊन चिकटली. टँकर हलला. मी क्लच सोडला, इंजिन धडधडलं आणि बंद पडलं. गाडी हातभर मागे सरकली. हँडब्रेक ओढला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बंद. क्लच जळल्याचा वास आत भरला.

"ओ मावशी, घ्या ना पुढे!" बसचा ड्रायव्हर ओरडला.

विमलताई दार उघडून उतरल्याच. "तुझी बस आमच्या अंगावर आणलीस ती आधी मागे घे रे! मग शिकव आम्हाला!"

हेही पट्टा सोडायला लागले.

"तुम्ही उतरायचं नाही," मी म्हणाले.

"ढकलत नाही गं. वजन तरी कमी होईल." आणि उतरले.

बस मागे सरली. या वेळी इंजिनाला भरपूर घरघर करू दिली, तेव्हा गाडी कशीबशी सुटली. पण आता थांबता येत नव्हतं. थांबले असते तर पुन्हा तेच. आरशात हे चढावर उभे दिसले, उन्हात, एक हात कमरेवर. मग वळण आलं आणि आरशात नुसता कडा उरला.

वर सपाट जागा मिळाली तिथे गाडी लावली. फोन लावला, रेंज नव्हती. खाली चालत जावं तर चुकामूक व्हायची. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. खालून येणारं प्रत्येक वाहन भलतंच निघत होतं. हे कुठेतरी कठड्याला टेकून बसलेत आणि विमलताई त्यांना वारा घालताहेत, असं चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

तीच बस आली आणि थांबली. आधी विमलताई उतरल्या, मग हे. चेहरा घामेजलेला, पण हसरा.

"चार पावलंसुद्धा चालू दिलं नाही ड्रायव्हरने," हे म्हणाले. "ताईने एवढं झापलं, तरी स्वतः हाक मारून घेतलं बिचाऱ्याने."

मी पाण्याची बाटली पुढे केली.

जत्रा झाली, पोळ्याही झाल्या. परतताना गाडी रिकामी होती, पण मोठ्या चाकांमुळे उतारावर गाडीला रोखणारा इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणून पूर्ण घाट खालच्या गिअरमध्ये उतरवला. कुणी टायर बदलणार असाल तर उत्पादकाने दिलेलं माप सोडू नका. बदललेच असतील तर घाटात भरलेली गाडी नेऊ नका, आणि ओव्हरटेक करताना जुन्या अंदाजावर जाऊ नका.

दुसऱ्याच दिवशी निनादला बरोबर घेऊन मूळ मापाचे टायर बसवले. "इतका फरक नसतो गं आई," असं तो म्हणत होता. त्याला म्हटलं, तुझ्या बाबांना चढावर सोडून मी पुढे गेले, एवढा फरक पडला.

गाडी आता पूर्वीसारखी पळते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर. हे संध्याकाळी फिरून येतात तेव्हा मी दाराशी उभी राहून जिन्यावरची पावलं ऐकते. मध्येच थांबली की चप्पल पायात सरकवते. पुन्हा वाजली की स्वयंपाकघरात जाते.

काल ते आत येत म्हणाले, "अगं, हल्ली दार सताड उघडं का ठेवतेस?"

"वारा येतो," मी म्हणाले.