कुंदामामीचे जंतू

कुंदामामीकडे पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा तिने मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, हात वर करायला लावले आणि कपाशीवर फवारणी करायच्या पाठीवरच्या पंपाने चपलांपासून खांद्यांपर्यंत भिजवून काढलं. "घाबरू नको, पंप नवा हाये, वावरात कधी गेला नाही," ती म्हणाली. "पाण्यात थोडं जंतूचं औषध हाये, बस." दुसऱ्या दिवशी माझ्या निळ्या कुर्त्यावर पांढरे ठिपके उमटले. ते बघून मामीने समाधानाने मान हलवली. "पाह्य बरं. ज्यानं कपड्याच्या रंगाले सोडलं नाही, ते जंतूले कायले सोडते?"

मला वणीच्या बँकेत नोकरी लागली होती आणि माझा मामा राजूरच्या खाणीत होता, म्हणून मी त्यांच्या क्वार्टरमध्ये राहू लागले. तिथे कोळशाची धूळ सगळीकडे असते. खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या चादरींवर. मामीला तिचं काहीच वाटत नसे. "तो कोळसा. तो दिसते. दिसते त्याचं काय भेव?" तिचं वैर न दिसणाऱ्यांशी होतं. त्यामुळे ती आधी झाडत नसे, धुळीवरच औषध फवारायची आणि फरशीवर काळा चिखल व्हायचा. आधी साबणाने मळ काढला नाही तर औषध जंतूंपर्यंत पोचतच नाही, असं मी एकदा म्हणाले. माझा आवाज मुळात लहान. तो मामापर्यंतच पोचला. मामा पेपरमागून म्हणाला, "तिले जंतू मारायचे हायेत, पोरी. घर साफ करायचं तिनं कधी म्हटलं?"

मामाच्या आंघोळीच्या बादलीतही औषध असायचं. त्याच्या कोपरांची सालं निघाली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बादलीतलं औषध बंद करायला सांगितलं. मामीने डॉक्टर बदलला. वांगीसुद्धा त्याच औषधाने धुतली जात. पहिला घास घेऊन मामा म्हणायचा, "ऑपरेशन चांगलं झालं म्हणायचं."

"खा मुकाट्यानं," मामी म्हणायची. "दवाखान्यात पैसे देऊन हाच वास घेता ना?"

मी इंग्लिश शाळेत शिकलेली, म्हणून बाटल्यांवरचं बारीक वाचायचं काम माझ्याकडे आलं. एका बाटलीवर लिहिलं होतं, नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के जंतू मरतात. मामीने बाटली माझ्या हातातून घेतली.

"मंग तो वाचलेला?"

"कोण वाचलेला?"

"टक्क्यातून सुटला तो. तो तं एकटा पोरंबाळं करंल ना वं. अन् तीबी सगळी त्याच्याच ताकदीची."

यावर उपायही तिनेच काढला. तिने दुसऱ्या कंपनीची बाटली आणली. "हिच्यातून वाचला तो तिच्यात मरते." दोन्हींवर खाली अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की दुसऱ्या कोणत्याही क्लीनरमध्ये मिसळू नये, विषारी वायू होतो. ते मी मुद्दाम दोनदा वाचलं. मामी हसली. "ते कंपनीवाल्याईचं आपसातलं भांडण हाये. दुसऱ्याचा माल खपू नये म्हणून लिहितेत. तू लय भोळी हायेस, बाई."

या सगळ्याला एक कारण होतं. मामीची एकुलती एक मुलगी पल्लवी राळेगावजवळच्या एका शेतकरी घरात दिली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे मामीने पल्लवीच्या लग्नातच ठरवून टाकलेलं. पाळणा धुऊन, पुन्हा धुऊन, तिसऱ्यांदा धुऊन त्याचा रंग गेला होता. "तिच्या सासरी कोंबड्या घरात फिरतेत," ती मला आवाज खाली करून सांगायची, जणू तिथे वाघ फिरतात.

पण पल्लवीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, मागच्या वेळी तुह्याकडे आली तं मले रात्रभर खोकला. डॉक्टरीण म्हणते, असल्या वासात राहू नको. तू औषधं बंद करशील तं येईन. नाही तं बाळंतपण इकडंच."

"बंद म्हणजे बंद," मामी म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "पण बंद करायच्या आधी एकडाव सगळे मारून टाकायला पाहिजे. नाही तं बंद केल्यावर ते मोकाटच सुटतीन."

पल्लवी येणार त्या रविवारी सकाळी मामी न्हाणीत शिरली. फरशीभर ब्लीचिंग पावडर टाकली, वर संडासाचं ॲसिड ओतलं, आणि ताकद बाहेर जाऊ नये म्हणून दार आतून लावलं. मी भाजी चिरत होते. आधी खोकला ऐकू आला, मग बादली पडल्याचा आवाज, मग नुसताच घशातला आवाज. मामाने खांद्याने दार उघडलं आणि तोंडावर ओला टॉवेल धरून तिला फरपटत अंगणात आणलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड उघडं असून हवा आत जात नव्हती.

नेमकी तेव्हाच जावयाची गाडी दारात थांबली. पल्लवी उतरली, तिने नाकाला ओढणी लावली आणि पोटावर हात ठेवून जागीच उभी राहिली.

"आई, काय केलं वं तू?"

मामीला बोलता येत नव्हतं. तिने चिमूट करून दाखवली. थोडंसंच टाकलं होतं.

त्याच गाडीतून मामीला वणीला नेलं. पल्लवी अंगणात माझ्याबरोबर थांबली. आम्ही घराची सगळी दारं-खिडक्या उघडून बाहेर बसलो. पुढचं मला मामाने सांगितलं. दवाखान्यात मामीला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही वस्तू आपापल्या जागी कामाच्या आहेत, एकत्र आल्या की माणूस मारतात. मामी मास्कमधून म्हणाली, "मंग हे मोठ्या अक्षरात काहून लिहीत नाहीत?" या सगळ्यात पहिल्यांदाच मला तिचं म्हणणं पटलं.

पल्लवी संध्याकाळी सासरी परत गेली. मामी दवाखान्यातून घरी आली. तिने पाळणा सुटा करून माळ्यावर टाकला. बाटल्या मामाने कुठे नेल्या, ते विचारलं नाही. चालताना ती दम लागून मध्येच थांबू लागली.

नात झाल्यावर मी मामीला एसटीने राळेगावला घेऊन गेले. बाळंतिणीच्या खोलीत शिरलो तर समोरचं दिसेना. खिडकी बंद होती, खाटेखाली शेगडी होती, तिच्यात ओवा अन् शेपा टाकून विहीणबाई धुरी देत होत्या. "धुरानं सगळे जंतू मरतेत," त्या अभिमानाने म्हणाल्या. पल्लवी भिंतीकडे तोंड करून खोकत होती. बाळ रडत होतं.

मामी दारातच थांबली. "विहीणबाई, ते शेगडं बाहेर न्या. अन् खिडकी उघडा."

"तुमी म्हणता?" विहीणबाईंना हसू आवरेना. "तुमच्या औषधाची कथा साऱ्या राळेगावाले माहीत हाये."

"म्हणूनच म्हणून राह्यली. इथं दुसऱ्या कोणाले माहीत हाये, छातीत भरलं म्हणजे कसं होते ते?"

विहीणबाईंनी पदराने धरून शेगडी बाहेर नेली. मी खिडकी उघडली. मामी मोरीवर गेली, साध्या साबणाने हात धुतले, पुसले आणि नातीला घेऊन खिडकीपाशी बसली. बाळ हळूहळू शांत झालं. खोलीत एक बारीक, लांबट सूर ऐकू येत होता.

"आई," पल्लवी खाटेवरून म्हणाली, "काय गाऊन राह्यली वं तिले?"

"गात नाही," मामी म्हणाली. "श्वास घेऊन राह्यली."